बेसमेंटमधला पंप आणि आईचं तिकीट

घर जुनं असलं की दुरुस्तीचे किस्से साचतच जातात. न्यू जर्सीतल्या आमच्या चार मराठी घरांत तर इतके साचलेत की त्यांची शेकोटी करता आली असती. त्या जानेवारीत निदान ऊब तरी मिळाली असती!

*

आमच्याकडे बेसमेंटमधला बॉयलर पाणी तापवतो आणि एक पंप ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये ढकलतो. ऐन थंडीत तो म्हातारा पंप आठवडाभर कण्हला आणि बंद पडला. बॉयलर तापलेला, खोल्या बर्फ!

बाबा गेल्यावर आई नागपूरहून पहिल्यांदाच आली होती. तिनं आता इथेच राहावं म्हणून मी दोन वर्षं तिच्या मागे लागलो होतो. पंप बंद पडल्याच्या तिसऱ्या दिवशी शालीतून नुसतं नाक बाहेर काढून ती म्हणाली, "माझं तिकीट अलीकडचं करून दे रे." मला रडूच आलं.

*

प्लंबरनं नऊ दिवसांनंतरची तारीख दिली. मी आमच्या चार घरांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. पहिला फोन मंदारचा. तो सॉफ्टवेअरवाला.

"बंद करून चालू केलास का?"

"मंदार, तो पंप आहे."

"हो यार, पण केलंस का?"

केलं होतं. दोनदा!

*

हीटर मागितले, तर हीटरबरोबर तिन्ही घरांतून पुलाव आले. "काकूंना गरमागरम बरं!" तिन्ही हीटर एकदम लावले आणि घरातले दिवे गेले. पुलाव आम्ही अंधारात, गार खाल्ला.

*

शनिवारी मंदार नवा पंप घेऊन आला. व्हिडिओ बघून आपणच बसवू म्हणाला. तेवढ्यात आई जिन्यावरून ओरडली, "पूजा केल्याशिवाय हात लावायचा नाही!" गाडीची होते, फ्रिजची होते, पंपानं काय घोडं मारलंय? तिनं हळदीकुंकू कालवून पंपावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. मंदारनं नारळ फोडला. दोन तास झटून आम्ही पंप बसवला. पंप सुरू झाला, रेडिएटर गारढोण!

रविवारी मी आईचं तिकीट बदललं. दुसरं काय करणार?

*

प्लंबर उगवला तो नेमका तिच्या फ्लाइटच्या दिवशी. बॅगा दारात होत्या. त्यानं पंपावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हा टोमॅटो सॉस कुणी लावला?"

त्या स्वस्तिकाखाली बाण होता. पाणी कुठल्या दिशेनं जायचं ते दाखवणारा. आम्ही पंप उलटा बसवला होता!

"काय म्हणतो रे तो?" आईनं विचारलं.

"पूजा छान झाली म्हणतो."

*

एअरपोर्टवरून परत आलो तर प्लंबरनं सुलटा केलेल्या पंपानं घराची भट्टी झाली होती. आईच्या खोलीची खिडकी उघडावी लागली. दोन दिवसांनी तिचा फोन आला, तेव्हा मी तिच्याच पलंगावर बनियनवर बसलो होतो.

"चालू झाला का रे पंप?"

"नाही गं. अजून गारच आहे सगळं."

"बघ! बरं झालं मी परत आले ते."