खोबऱ्याबरोबरची पुडी

केशरबाईचे हात गावात नावाजलेले होते. दसरा झाला की शेवगाव तालुक्यातल्या त्या गावातून एक टोळी श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला जायची, आणि केशरबाईइतके टणक तळहात त्या टोळीत कुणाचेच नव्हते. बाजरीच्या दाण्यांसारखे घट्टे तळहातभर पसरलेले. नव्या सुनांपुढे हात धरून ती म्हणायची, "ह्याला म्हनत्यात कोयता चालवनं. तुमचे हात म्हंजे निस्तं लोनी."

टोळी घरी परतली की पावसाळाभरात बाकीच्या बायांचे हात मऊ पडायचे. केशरबाईचे पडत नसत. त्याचाही तिला अभिमानच होता. पाठीवर चुन्याचं पाणी शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उठले, ते उन्हानं. पायांना मुंग्या येतात, त्या थकव्यानं. असं तिचं तिनंच ठरवून टाकलं होतं.

मग डाव्या करंगळीला एक जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. हळद झाली, झाडपाला झाला. शेवटी मुलगा अजिनाथ तिला नगरला दवाखान्यात घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टर रुपाली मॅडमनी हात पाहिले आणि म्हणाल्या, "मावशी, पाय दाखवा." तळपायांवरही तेच दाणे होते.

"पायानं ऊस तोडता का?"

केशरबाई हसली. मॅडम हसल्या नाहीत. "अंगदुखीवर काय घेता?"

"पुडी घेतो की. समदी टोळी घेती."

ही पुडी मुकादम आप्पासाहेब कुण्या जडीबुटीवाल्याकडून आणायचा. निघायच्या दिवशी ट्रॅक्टरपुढे नारळ फुटला, की खोबऱ्याच्या तुकड्याबरोबर पहिली पुडी प्रत्येकाच्या हातावर पडायची. पुढे सीझनभर रोज. खोबऱ्याबरोबर हातावर आलेली वस्तू कोण कशाला तपासतो? ती प्रसादासारखी तोंडात जायची.

केशरबाईच्या ट्रंकेत एक पुडी उरली होती. ती तपासली तर तिच्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, निघाला. केशरबाईच्या नखांत आणि केसांतही निघाला. करंगळीचा तुकडा तपासला तर तिथं कॅन्सर. बोट काढावं लागलं.

"थोडा थोडा पोटात गेला तर सोमल एकदम मारत नाही," मॅडमनी समजावलं. "आपल्या शरीराची आत रोज थोडी मोडतोड होते आणि शरीरच ती दुरुस्त करतं. सोमल ती दुरुस्तीच बिघडवतो. मग वर्षानुवर्षांनी एखाद्या ठिकाणी कॅन्सर धरतो. कातडीला, फुफ्फुसाला, मूत्राशयाला. पुडी सोडली तरी तुम्हाला तपासणीला येत राहावं लागेल."

"आमचे मालक फुफ्फुसाच्या कॅन्सरनंच गेले. बिडीला कधी शिवले न्हाईत."

"ते पुडीमुळंच झालं का, हे आता छातीठोक सांगता येणार नाही. पण घरात अजून कोण घेतं?"

घरात सून सविता घेत होती. अजिनाथला चव सोसत नसे, म्हणून तो चुकवायचा. सविताची आता कुठं दोन वर्षं झाली होती. घरी आल्या आल्या केशरबाईनं तिचे तळहात उजेडात धरले. अजून स्वच्छ होते.

"औंदा पुडी घ्यायची न्हाई."

"आत्याबाई, घरात न्हाई म्हनीन. पन नारळापुढं कसं म्हनू? बाया म्हनतील, टोळीत यायचं आन टोळीचं खायाचं न्हाई, लई शानी झाली."

बोट गेल्यामुळं केशरबाई यंदा टोळीबरोबर जाणार नव्हती, पण निघायच्या दिवशी पारापाशी जायचं तिनं ठरवलं.

निघायच्या दिवशी पारापाशी ट्रॅक्टर उभा राहिला. ट्रॉलीत भांडीकुंडी चढली, नारळ फुटला, आणि आप्पासाहेब पिशवी घेऊन वाटायला लागला. सविताच्या हातावर खोबरं आणि पुडी पडली. तिनं मूठ मिटली आणि खाली बघत राहिली. तेवढ्यात केशरबाई पुढं आली. तिनं सुनेची मूठ उघडली, पुडी उचलली आणि पिशवीत परत टाकली.

"खोबरं खा पोरी. ह्ये न्हाई."

"वयनी, नारळ फुटल्यावं असला अपशकुन?" आप्पासाहेब म्हणाला.

तिनं पदराखालचा डावा हात काढून सगळ्यांपुढं धरला. "ह्या पुडीत सोमल हाय. माझं बोट ह्यानं नेलं. कॅन्सर हुता."

मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, कोयत्याचे घट्टे चिघळले आसतील."

"मला बी तसंच वाटत हुतं."

"मंग?" आप्पासाहेब हसला. "मी सवता खातो की रोज. मला काय झालं?"

"हात दाखवा तुमचा."

"आं?"

तिनं वाट पाहिली नाही. त्याच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली, त्याचं मनगट धरलं आणि तळहात वर केला. त्यावर तेच दाणे होते, बारीक, पिवळट, बोटांच्या मुळाशी दाटलेले.

"मुकादम झाल्यापास्नं तुमी कोयत्याला हात लावला न्हाई, आप्पा. आमी तोडायचं आन तुमी बांधावं हुबं ऱ्हायचं. तुमाला कशाचे घट्टे आले?"

एक म्हातारा फिसकन हसला. मग कुणी हसलं नाही. आप्पासाहेबानं हात ओढून घेतला आणि धोतराला पुसला, जणू ते दाणे निघून जाणार होते. सविताशेजारच्या बाईनं आपली पुडी पिशवीत टाकली. मग तिच्या जावेनं. दोघा गड्यांनी मात्र मुकाट्यानं खिशात घातली. केशरबाईनं ते पाहिलं.

"खायाची तर खा," ती म्हणाली. "पन आदी माझ्या हाताकडं बगा आन मंग खा."

त्यातल्या एकानं पुडी काढून दिली. दुसऱ्यानं नाही दिली.

"चला, बसा ट्रॉलीत! उशीर हुतोय," आप्पासाहेब खेकसला आणि पिशवीकडे हात केला.

केशरबाईनं पिशवी काखेत मारली. "ही आता मिळायची न्हाई. जाळायची न्हाई, हिरीत टाकायची न्हाई, मॅडमनी सांगितलंय. मी नगरला नेऊन देते. आन कुनाचं अंग दुखलं, तर दवाखान्यात न्यायचं, आप्पा. सविताला फोन हाय. मला समदं कळंल."

"आन न्हाई नेलं तर?"

"तर मी तितं ईन."

ट्रॅक्टर सुरू झाला. सविता ट्रॉलीत उभी राहून खोबरं चावत होती.