बुधवारचं दळण

माझी बायको सुमन गेली तेव्हा मी गिरणीत गहू दळत होतो. दवाखान्यातून मला तिनंच हाकललं होतं, "इथं बसून माझं तोंड काय बघता? लोकांचे डबे पडलेत, जा." गिरणीच्या आवाजात फोन ऐकू आला नाही. शेजारचा इस्त्रीवाला येऊन नुसता समोर उभा राहिला... तेव्हा समजलं. महिना झाला.

हर्सूलला आमची गिरणी. मागं नव्या बिल्डिंगी झाल्या तेव्हा वाटलं, गिऱ्हाईक वाढंल. झालं उलटं. कुणाकडं पिठाची पाकिटं, कुणाकडं घरघंटी. दिवसाला पाच-सहा डबे यायचे, तेही जुन्या लोकांचे. मी म्हणायचो, शटर ओढू, जागा भाड्यानं देऊ. बायको ऐकत नव्हती. तिनं भलतंच काढलं. बुधवारी फक्त उपासाचं दळायचं, भगर, राजगिरा, साबुदाणा. त्यासाठी मंगळवारी संध्याकाळी दगड उघडून खाचांतलं गव्हाचं पीठ ब्रशनं काढत तासभर बसायची. बिल्डिंगीतल्या बाया खाली उतरायला लागल्या, पण एकेक किलो घेऊन. मी चिडायचो, "किलोभर भगरीसाठी कुणी दगड उघडतं व्हय?" ती म्हणायची, "धंदा मंद हाय म्हणून तर वेळ हाय. गर्दी असती तर तुम्ही मला बसू दिलं असतं का?"

एका बुधवारी ती बाहेर गेली अन् एक ढाबेवाला गव्हाचं पोतं घेऊन आला. एवढं दळण लई दिवसांनी बघितलं, मी घातलं. त्याच दगडावर मग दोन बायांची भगर दळून दिली. ती आली, दगडाला बोट लावलं, बोटाकडं बघितलं. दगड पुन्हा साफ केला, घरातली भगर दळली अन् दोघींच्या दारात जाऊन सांगून आली, आमच्याकडून गहू लागलाय, हे नवं पीठ घ्या. मला लई लाज वाटली, म्हणून मीच ओरडलो, "सांगायची काय गरज होती? कुणाला कळणार होतं?"

"त्यांचा उपास मोडला असता, अन् ते फक्त तुम्हाला माहीत असतं. झोप लागली असती का?"

"मला लागली असती."

"म्हणून तर बुधवार माझ्याकडं हाय."

तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, "बाबा, आता बंद करा. मोबाईलच्या दुकानाला जागा पाहिजे एकाला." मी हो म्हणालो. या मंगळवारी जागा झाडायला शटर उघडलं. दगड विकायचे तर साफ असावेत म्हणून ब्रश घेऊन बसलो. गुडघे भरून आले, खाचा काही संपेनात. ही बाई दर आठवड्याला हे करत होती, अन् मी खुर्चीत बसून तिला बोल लावत होतो... रस्त्यानं जाणारी एकजण थांबली. "काका, उद्या भगर दळून मिळंल का?"

मी मान वर केली नाही. "मिळंल," म्हणालो.

मग मुलाचा फोन आला, तो माणूस उद्या जागा बघायला येतोय. म्हटलं, उद्या नको, उद्या उपासाचं हाय.

"मग परवा?"

"परवा गहू."