रांगमावशीची वीट

"सरकार खोटं, बाजार खोटा, रांग तेवढी खरी," असं रांगमावशी म्हणायची आणि म्हणता म्हणता पुढ्यातली वीट टाचेने सरळ करायची.

दुसऱ्यासाठी रांगेत उभं राहणं हाच तिचा धंदा. विटेला लाल चिंधी बांधलेली. मावशी घोटभर चहाला गेली तरी वीट रांगेतच असायची, आणि ती ओलांडायची कुणाची छाती नव्हती. खिडकी आली की मावशी मागे वळून हाक मारायची, "या, तुमचा नंबर!" गिऱ्हाईक पुढे व्हायचं, ती बाजूला. स्वतःसाठी मात्र ती कधी उभी राहिली नाही.

जुन्या राजवटीत सगळं सगळ्यांचं होतं. पाव, साबण, बूट सगळ्यांना सारखे. फक्त मिळायचे नाहीत. मग राजवट उलथली. दुकानं काचेची झाली, रांगा मोडल्या, मावशीची चूल थंडावली. ज्याला जे हवं ते त्याने करावं, आता मोकळीक आहे, असं साहेब लोक सांगू लागले. पण मोकळीक घ्यायलाही परवाना लागत होता. दुकानापुढची रांग कचेरीपुढे आली, आणि तिच्या मागोमाग मावशीची वीटही.

मध्ये एक हिवाळा ती नदीपलीकडच्या देशात लेकीकडे राहून आली. परतल्यावर विधवा सून शिलाई मशीनवरून मान वर करून म्हणाली, "आई, तिकडे म्हणे कचेरीत कुणी खात नाही?"

"खातात की! काट्याचमच्याने खातात. आपले हाताने ओरपतात, म्हणून आवाज येतो."

"आणि गरीब माणूस?"

"त्याचं तिकडे बरं आहे. खिडकी वेळेवर उघडते. 'नाही' ऐकून तो वेळेवर घरी जातो."

दोघी पोट दुखेपर्यंत हसल्या. ते त्या घरातलं शेवटचं हसू.

घरमालकाने खोलीत मशीन चालवायला बंदी केली. आता सुनेने नदीपलीकडे जाऊन परक्यांची भांडी घासायची, नाहीतर मशीनसाठी बाजारात टपरी मिळवायची. नगरपालिकेने टपऱ्या बांधल्या होत्या. विधवांना आधी, आणि जो रांगेत पुढे त्याला पहिली. अर्ज मावशीच्या नावाने होता, कारण तीही विधवा आणि जुनी रहिवासी तीच. शिपाई सुनेच्या कानाशी लागला, "मागच्या दाराने या." सुनेने हातातली सोन्याची बांगडी खाली सरकवली.

मावशीने ते पाहिलं. "मागच्या दाराला गेलीस तर माझं तोंड बघू नकोस. आपण रांगेची माणसं."

सुनेने बांगडी परत वर सारली.

वीट सगळ्यांच्या पुढे लागली. खिडकी उघडली, कारकून म्हणाला, "बोला." आणि मावशी सवयीने बाजूला झाली, मागे वळली, खणखणीत आवाजात ओरडली, "या, तुमचा नंबर!"

कुणीच आलं नाही. रांग हसली. मागचा चांभार हळूच म्हणाला, "मावशी, आज तुम्हीच गिऱ्हाईक."

लाजून ती परत खिडकीशी गेली. कारकूनही हसत होता. "टपऱ्या संपल्या."

"खिडकी तर आत्ता उघडली!"

"वाटप सकाळीच झालं."

"मग उघडलीत कशाला?"

"रांग लागली की खिडकी उघडावी लागते, मावशी. नियम आहे."

त्याच्या खांद्यावरून मागचं दार दिसत होतं. टपरीची किल्ली बोटावर फिरवत एक जण बाहेर पडत होता. त्याच्या पोरांच्या बुटांसाठी मावशी थंडीत काकडली होती. तोही ओळखीचं हसला. "काय मावशी, आज कुणासाठी?"

खिडकी बंद झाली.

सून जवळ आली. मावशीचा हात धरायला गेली, तर मावशीने तो सोडवून घेतला.

"तुझी पिशवी भर," ती म्हणाली. "नदीपलीकडची नाव सकाळी सुटते."

आणि ती निघाली. कडेकडेने नाही. रांगेतल्या दोन माणसांच्या मधून, धक्का देत, आडवी. उभ्या आयुष्यात तिने मोडलेली ती पहिली रांग. चौकाच्या वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत सून बघत राहिली. मग तिने खिडकीकडे पाहिलं. फळी लागलेली होती, लाल चिंधीची वीट तशीच होती, आणि तिच्यामागे माणसं उभी होती. ओलांडून कुणी पुढे गेलं नव्हतं.