स्टामेनची डावी बंदूक

माझा मेहुणा स्टामेन धांदरट आहे, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. त्याच्या हातून कप पडतो, खिळा ठोकताना अंगठा ठेचतो, आणि लग्नात त्यानं राकिया दारूचा ग्लास उचलला की शेजारचा आधीच खुर्ची मागे ओढतो. पण माणूस लाखात एक. उभं आयुष्य त्यानं डोंगरातल्या वाड्यांना पावाची गाडी पोचवली, बर्फ असो की चिखल, आणि म्हाताऱ्यांची औषधंही त्याच गाडीतून फुकट आणून दिली. बायको गेल्यापासून एकटा राहतो. आठवडाभर घरात रेडिओशी भांडतो आणि शनिवारी माणसांत येतो, कारण हंगामात शनिवारी आमच्या टोळीची रानडुकराची शिकार असते आणि संध्याकाळी सगळे एकत्र जेवतात.

हा शनिवारच हातचा जायची वेळ आली होती.

शिकारीत खिंडीतली जागा स्टामेनची. हाकारे कुत्री घेऊन खालून रान उठवतात आणि डुक्कर बहुतेक वेळा खिंडीतूनच निसटू बघतं. लागोपाठ दोन हंगाम ते स्टामेनच्या समोरून गेलं आणि दोन्ही हंगाम त्याच्या गोळ्या झाडांना लागल्या. शेवटच्या वेळी तर डुक्कर थांबून त्याच्याकडे बघत होतं, असं रुस्को सांगतो. रुस्को आमच्या टोळीचा म्होरक्या. त्याला हळू बोलता येत नाही आणि पोटात काही ठेवताही येत नाही. हंगाम संपताना त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"स्टामेन, खिंडीत उभा राहणारा डुक्कर पाडतो. तू त्याला निरोप देतोस. पुढच्या हंगामात पहिल्या शनिवारी जमलं तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याची. तू हाकाऱ्यांत जा."

"माझे गुडघे बघितलेस का? त्या चढावर मी कुत्र्यांमागे पळू?"

"मग घरी बस. बंदुकीलाही आराम."

सगळे हसले. स्टामेनही हसला, पण गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "दाजी, बंदूक जुनी झालीय. नवी घ्यायची, मोठ्या गोळीची. नुसती चाटून गेली तरी डुक्कर आडवं झालं पाहिजे."

नाचता येईना अंगण वाकडं, असं तोंडावर आलं होतं. पण त्याचा चेहरा बघून गिळलं.

ऑगस्टमध्ये परवाना हातात आला आणि आम्ही दोघं स्मोल्यान शहरात बिल्यानाबाईच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. बाई पन्नाशीची, नवऱ्यामागे एकटीनं दुकान चालवणारी, बोलणं तुटक. तिच्या भिंतीवर एक बंदूक सहा वर्षं टांगलेली आहे, हे सगळ्या डोंगराला माहीत. दातांच्या कुण्या डावखुऱ्या डॉक्टरनं ती मागवली आणि बंदूक यायच्या आधीच तो जर्मनीला निघून गेला. काडतूस भरायची खिट्टी डाव्या बाजूला, दस्ताही डाव्या गालाला टेकेल असा घडवलेला. कोण घेणार? शिकारी तिला 'थोरली' म्हणायचे. धाकट्या एकेक करून उजवल्या जात होत्या आणि थोरली आपली भिंतीवर.

स्टामेननं मोठ्या गोळीची बंदूक मागितली. बाईनं काढून दिली. त्यानं ती खांद्याला लावली.

"परत लावा," बाई म्हणाली.

त्यानं परत लावली. दर वेळी त्याची मान दस्त्यावरून पलीकडे वाकत होती. मी इतकी वर्षं त्याच्याबरोबर शिकारीला जातोय, मला ती त्याची ढबच वाटायची. बंदूक खाली ठेवताना त्याच्या कोपराचा धक्का लागला आणि काडतुसांचा डबा टेबलावरून घसरला. मी डोळे मिटून घेतले. पण आवाज झाला नाही, स्टामेननं तो हवेतच धरला होता.

बाईनं एका पुठ्ठ्याला भोक पाडलं. "दोन्ही हातांनी समोर धरा. दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि भोकातून माझं नाक बघा."

"दिसलं. चांगलं आहे," स्टामेन म्हणाला.

"नाकाचं राहू द्या. मला भोकातून तुमचा डावा डोळा दिसतोय. नेम तोच धरतो, म्हणून मान वाकते." आणि तिनं भिंतीवरून थोरली काढली. "ही तुमची बंदूक."

मला हसू फुटलं. स्टामेन गोरामोरा झाला. "बाई, मी उजवा आहे. सही उजव्या हातानं करतो."

"मघाशी नोंदवहीत केलीत, बघितली मी. पेन असं धरलं होतंत की जणू विंचू धरलाय. आणि तो डबा कुठल्या हातानं झेललात?"

स्टामेननं खाली बघितलं. डबा अजून डाव्या हातातच होता.

"मोठी गोळी घेतलीत तर आवाज मोठा होईल, एवढंच," बाई म्हणाली. "डुक्कर तसंच जाईल."

"हिच्यात काही कमी करणार?"

"नाही. कमी केले तर म्हणाल, माल पडेल आहे."

"आणि नाही केले तर?"

"तर म्हणाल, बाई हावरट आहे. विचार करून या."

गावात ही गोष्ट आमच्या आधी पोचली. रुस्कोनं खानावळीत टेबल बडवलं. "सहा वर्षं थोरलीला स्थळ शोधत होती, शेवटी तू सापडलास! अरे, दुकानदार जी दाखवेल तिच्या शेजारची घ्यायची, हा माझ्या बापाचा नियम."

"पण बाई खोटं बोलणारी वाटत नाही," स्टामेन म्हणाला.

"खोटं बोलणारे वाटले असते तर त्यांची दुकानं चालली असती का? गळ्यात मारतेय तुझ्या!"

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. धंदा तो धंदा. स्टामेन मात्र रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि तेच दळण दळायचा. "दाजी, तिचं खरं मानावं तर त्यात तिचा फायदा. खोटं मानावं तर तो डबा कुणी झेलला?" ऐकावे जनाचे, करावे मनाचे हे ठीक आहे, पण मनालाच कळत नसेल तर माणसानं काय करावं?

रविवारी तो जेवायला होता. माझी बायको दाफिना, म्हणजे त्याची थोरली बहीण, तव्यावर बटाट्याचा पटाटनिक उलटत होती. स्टामेननं गंमत म्हणून सांगितलं, "ताई, ऐकलंस का? ती बंदूकवाली मला डावखुरा म्हणते."

दाफिनानं तवा खाली उतरवला आणि तिथेच उभी राहिली.

"तू होतासच डावखुरा," ती म्हणाली. "पहिलीत मास्तरांनी तुझा डावा हात बाकाला बांधला. रोज बांधायचे. तेव्हा तू इतका तोतरा झालास की पाव मागतानासुद्धा रडायचास. मग हळूहळू सगळं सुटलं. आईनं बजावलं होतं, त्याच्यासमोर विषय काढायचा नाही, नाहीतर पोर परत डावं होईल. मी नाही काढला. पुढे विसरूनच गेले."

"आणि बाबा?"

"बाबांनी मास्तरांना मध नेऊन दिला. तुझ्या भल्यासाठी चाललंय, असंच वाटायचं रे सगळ्यांना."

मला त्या मास्तरांचा असा राग आला की ते जिवंत असते तर मी जेवण सोडून त्यांच्या दारात गेलो असतो. स्टामेन आपले दोन्ही हात टेबलावर ठेवून बघत बसला होता. त्याचे डोळे भरून आले. मग म्हणाला, "म्हणजे साठ वर्षं मी धांदरट नव्हतो?"

"ते मला नाही माहीत," दाफिना नाक पुसत म्हणाली. "माझे कप तर तू दोन्ही हातांनी फोडलेस."

मग आम्ही तिघंही इतके हसलो की पटाटनिक गार झाला.

दुसऱ्याच दिवशी स्टामेननं थोरली घरी आणली. नेमबाजीच्या मैदानावर पहिल्यांदा डाव्या खांद्याला लावताना तो लाजला आणि मला तोंड फिरवायला सांगितलं. मी फिरवलं. एक बार झाला, मग दुसरा, मग तिसरा. वळून बघितलं तर तिन्ही भोकं एका तळहाताखाली झाकली जातील अशी होती आणि स्टामेन शाळकरी पोरासारखा फिदीफिदी हसत होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी खिंडीत धुकं होतं. मी त्याच्या वरच्या अंगाला उभा होतो. कुत्री जवळ आली, फांद्या मोडल्या आणि एकच बार झाला. रुस्को धापा टाकत वर आला. त्यानं पडलेलं डुक्कर बघितलं, बंदूक बघितली, मग स्टामेनला बघितलं.

"थोरलीनं नशीब काढलं," तो म्हणाला, आणि स्टामेनला मिठी मारली. खिंडीचा विषय परत कुणी काढला नाही. त्या संध्याकाळी स्टामेन इतका जेवला की पट्टा सैल करावा लागला.

सोमवारी आपल्या वाट्याचं मांस घेऊन तो स्मोल्यानला निघाला. मीही गेलो, मला राहवेना.

"बाई, एक खरं सांगा," तो म्हणाला. "ही बंदूक तुमच्याकडे पडून नसती, तर मी डावखुरा आहे हे मला सांगितलं असतंत?"

आता ती काहीतरी गोड बोलणार, असं मला वाटलं.

"नाही," बिल्याना म्हणाली. "मला कळलंच नसतं. ती खपावी म्हणून सहा वर्षं दारातून येईल त्याचे हात बघत बसलेय मी. नाहीतर गिऱ्हाइकाचे हात कोण बघतं? खिसा बघतात."

स्टामेननं आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. "माझं भलं बघणाऱ्यांनी हात बांधून ठेवला होता, बाई," तो म्हणाला. "तुम्ही तुमचं बघितलंत आणि तो सुटला."

बाईनं चष्मा काढला आणि पुसला. मग मांसाची पिशवी उघडून आत डोकावली आणि विचारलं, "खांद्याचं आहे ना?"

"खांद्याचंच," स्टामेन म्हणाला.