बोमारूतली पहिली गोळी

लहाई वांडी केनेमा शहरात शिवणकाम शिकला आणि हातानं फिरवायचं मशीन डोक्यावर घेऊन आपल्या गावी, बोमारूला परतला. पुढची तीस वर्षं गावाचे ईदचे झगे त्याच्याच पडवीत शिवले गेले. लायबेरियाची हद्द तिथून चालत जाण्याइतकी जवळ. पलीकडच्या वाहुन गावात त्याची गिऱ्हाइकं होती, बायको जेबेहचं माहेरही तिकडचंच.

पलीकडे यादवी पेटली तेव्हा आधी माणसं आली, भेदरलेली, रिकाम्या हातांनी. काही महिन्यांनी नुसत्या वस्तू येऊ लागल्या. गाद्या, रेडिओ, छपराचे पत्रे, बिजागऱ्यांसकट उचकटलेली दारं. तिकडचे बंडखोर बंदुका मागे ठेवून बाजारात यायचे, या वस्तू द्यायचे आणि तांदूळ, सिगारेटी न्यायचे. हद्दीच्या नाक्यावरच्या आपल्या शिपायांशी त्यांची चांगली ऊठबस होती. कुणी काही विचारलं नाही. गावातली छपरं मात्र नवी झाली.

नाक्यावरचा सार्जंट तुराय एकदा पडदे घेऊन आला, त्यांचे सदरे करून दे म्हणाला. लहाईनं दिले. पुढच्या खेपेला गाठोड्यातून शाळेचे गणवेश निघाले. प्रत्येक कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं नाव घातलेलं.

जेबेहला वाचता येत नव्हतं. “काय लिहिलंय हो?” तिनं विचारलं.

“माप आहे.”

“मापाला एवढी अक्षरं लागतात होय?”

ब्लेड घेऊन लहाई एकेक टाका उसवत बसला. त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही.

एक्याण्णवच्या मार्चमध्ये रमजान लागला. पहिल्याच आठवड्यात साये नावाचा एक बंडखोर पडवीत आला. सदऱ्याचं बटण तुटलं होतं. लहाई बटण लावत असताना तो शांतपणे सांगत राहिला. तुरायनं नाक्यावर बंदूक रोखून त्यांची गाडीभर लूट काढून घेतली होती आणि वर त्यांनाच चोर म्हटलं होतं.

“चोरीचाच माल ना, बाबा?” लहाई म्हणाला.

साये हसला नाही. “मास्तर, शनिवारी पहाटेचं जेवण झालं की गावात थांबू नका. बटण लावलंत म्हणून सांगतो.”

लहाई तसाच नाक्यावर गेला. मास्तरांना उपास सोसेनात, असं म्हणून तुरायनं त्याची थट्टा केली. गावप्रमुखानं तर दटावलं, रोज्याच्या महिन्यात लोकांना घाबरवू नकोस म्हणून. लहाईनं जेबेहलाही काही सांगितलं नाही. सामान बांधायला घेतलं असतं तर शेजाऱ्यांनी विचारलं असतं, आणि आपलं हसं होईल याची त्याला भीती वाटली.

शनिवारी नमाज संपतो न संपतो तोच नाक्याकडून गोळ्या सुटल्या. जेबेहचा हात धरून तो कोकोच्या बागेत पळाला. तुराय लुटीचा माल विकायला आदल्याच दिवशी दारू नावाच्या शहरात गेला होता. जे मेले, त्यांनी तो माल पाहिलाही नव्हता.

दोन दिवसांनी बंडखोर निघून गेले. लोक परतले, प्रेतं पुरली. चोरांचं भांडण होतं, मिटलं, असं गावप्रमुखानं जाहीर केलं. लहाईनं मात्र मशीन डोक्यावर घेतलं.

“कधी यायचं परत?” जेबेहनं वाटेत विचारलं.

“बघू.”

आठवडाही गेला नसेल. मागून धावत येणाऱ्यांनी सांगितलं, ते पुन्हा आले, खूप जण, आणि या खेपेला जायला आलेले नाहीत. लढाई अकरा वर्षं चालली. गिनीतल्या निर्वासितांच्या छावणीत सहाव्या वर्षी जेबेह तापानं गेली. लहाई एकटाच परतला, तेव्हा घराला छप्पर नव्हतं आणि आत झाडं वाढली होती.

आता देशाची यादवी कुठं सुरू झाली हे पाहायला माणसं येतात. त्यांना नाका दाखवतात. लहाई कुणाशी बोलत नाही. एकदा गावच्या शाळेतल्या मास्तरणीनं मात्र सरळच विचारलं, “काका, आधी कुणाला माहीत होतं का हो?”

“होतं.”

“कुणाला?”

“सार्जंटला. गावप्रमुखाला.” तो सुईत दोरा ओवत होता, ओवला जात नव्हता. “मला.”

तिनं त्याच्या हातातली सुई घेतली आणि दोरा ओवून दिला.