आधी प्रार्थना, मग पाणी

फिनेलचा वास आला की ते प्रकरण मला अजूनही आठवतं, आणि अजूनही थोडा वैताग येतो.

मी पोलीस उपनिरीक्षक होते. सहा वर्षांनी नोकरी सोडली, त्यामुळे 'निवृत्त' हा शब्द मला जरा मोठा होतो. वाघोलीच्या पुढच्या एका वस्तीतली ही गोष्ट. उन्हाळा होता आणि टँकर दोन दिवसांआड येत होता. वस्तीत एक निवृत्त परिचारिका राहायच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. घराला लागून पत्र्याचं छोटं प्रार्थनागृह, अंगणात बोअर आणि जमिनीखाली टाकी. त्या टाकीतलं पाणी सिस्टर रोज सकाळी वस्तीतल्या बायकांना फुकट देत.

एका सकाळी नियंत्रण कक्षाला पाठोपाठ दोन फोन आले. पहिला म्हणाला, ख्रिश्चनांनी पाण्यात काहीतरी कालवलंय. दुसरा म्हणाला, ख्रिश्चनांच्या पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवलंय. आमच्या वरिष्ठांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्ही जा. तुम्ही त्यांच्यातल्याच ना?"

माझी शाळा कॉन्व्हेंटची, रविवारी आमच्या घरी चर्च चुकत नसे. पण त्याचा तपासात काय उपयोग करायचा, हे प्रशिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं.

टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. फिनेलचा वास फाटकापर्यंत येत होता. फाटकाबाहेर दोन घोळके होते आणि दोघांच्याही हातात मोबाईल. दोघांनाही पोलीस आपल्याच बाजूने हवे होते. मी पंचनामा केला, पाण्याचे नमुने सील केले आणि सिस्टरांचा जबाब घ्यायला बसले.

"माझी काही तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "मी क्षमा केली आहे."

"कुणाला?"

"ज्यानं केलं त्याला."

"कुणी केलं, माहीत आहे का?"

"नाही. पण क्षमा केली आहे."

"सिस्टर, एफआयआरमध्ये क्षमेचा रकाना नसतो."

माझ्यामागे उभे असलेले हवालदार खोकले. खोकला खरा नव्हता. बाहेर दोन घोळके एकमेकांची आई-बहीण काढत होते आणि आमची तक्रारदार तक्रारच द्यायला तयार नव्हती. संध्याकाळपर्यंत माणूस सापडला नसता, तर दगड सुरू झाले असते.

दुपारी जारचं पाणी विकणारा माझ्या गाडीपाशी घुटमळला.

"मॅडम, एक सांगू? माझं नाव नको. शेजारच्या मावशींनी काल चार जार घेतले. अख्ख्या उन्हाळ्यात एक नव्हता घेतला."

पाणी नासणार हे ज्याला आधीच माहीत असतं, तोच आदल्या दिवशी पाणी भरून ठेवतो.

या मावशी जुन्या शेतकरी घरातल्या. शेत केव्हाच बिल्डरकडे गेलं होतं. सून सात महिन्यांची गरोदर. सिस्टरांकडे पाणी भरायला रोज तीच जायची. चौकशीसाठी बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला शिपाई घेऊन मी मावशींच्या ओट्यावर गेले.

"मावशी, चार जार कशाला घेतले?"

"पाव्हणे येणार हायेत."

"आले का?"

"तुमी आलात की."

यापुढे मी काही विचारलं नाही. मला गप्प बसता येतं. पोलिसात त्याला कौशल्य म्हणतात, आमच्या घरी घुमेपणा म्हणत. पाचेक मिनिटांनी मावशींनी पदर तोंडाला लावला.

"इख नाय टाकलं मी. फिनेल टाकलं. वास येतो, पांढरं व्हतं. चुकून बी कुणी पिणार नाय."

"पण का?"

"हंडा घेऊन उभं ऱ्हायचं, डोळं मिटायचं, तिची प्रार्थना झाली की मग पाणी सुटणार. सूनबाई म्हणती, सवय झाली आता. सवय! उद्या माझा नातू तरी माझा ऱ्हाईल का?"

हे मला सिस्टरांनी सांगितलं नव्हतं. सकाळपासून मी एकाच बाजूचं ऐकत होते, कारण ती बाजू माझ्या ओळखीची होती. मी तणतणत परत गेले.

"सिस्टर, पाणी सोडण्याआधी प्रार्थना घेता?"

"पाचच मिनिटं. सक्ती कुठे आहे?"

"मोटरचं बटण कुठे आहे?"

त्या थांबल्या. "माझ्या घरात."

मावशी काय म्हणाल्या, ते सगळं मी त्यांना सांगितलं. त्या उठून सरळ मावशींच्या ओट्यावर गेल्या. मी मागोमाग. मला वाटलं, आता पुन्हा क्षमा ऐकावी लागणार.

"मावशी, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तहानलेल्या बाईला नको म्हणायची सोयच मी ठेवली नव्हती."

"मंग फिनेल बी तुमीच टाकलं म्हणा की!"

"ते तुम्हीच टाकलंत. उद्या टाकी घासायलाही तुम्हीच यायचं. मी बादली धरते."

मग सिस्टर सुनेकडे वळल्या आणि पायांवरची सूज उतरली का, असं विचारू लागल्या. जणू मी तिथे नव्हतेच.

गुन्हा नोंदवावाच लागला. सिस्टरांनी अखेर तक्रार दिली, पण स्वतःचा प्रार्थनेचा नियमही जबाबात लिहायला लावला. हवालदार पेन खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, आरोपी कोण लिहू? दोघीही कबूल करतायत." बाहेरच्या घोळक्यांना ते दोन कबुलीजबाब समजले, तेव्हा ओरडायला काही उरलं नाही. पुढे कोर्टात दोघींनी तडजोड केली.

लहानपणापासून मी समजत होते की, क्षमा केली म्हणजे प्रेम झालं. त्या दिवशी सकाळी सिस्टरांनी केलेली क्षमा सोपी होती, कारण त्यात काही विचारावं लागलं नव्हतं. दुपारी त्यांना समोरच्या बाईचा राग ऐकून घ्यावा लागला, आणि त्यात आपला वाटा किती, हे चारचौघांत सांगावं लागलं. मला तरी ते जमलं असतं का, माहीत नाही.

आठवड्याने एका सहीसाठी सकाळीच त्या अंगणात गेले. मोटरचं बटण बाहेरच्या भिंतीवर, नळाशेजारी आलं होतं. आत चार-पाच जणी प्रार्थनेला बसल्या होत्या. मावशींची सूनही होती, पंख्याखाली, खुर्चीवर. मावशी दोन हंडे घेऊन बाहेर उभ्या.

मी आत पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "तिची ती गेलीया. मला न्हाई जायचं," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने बटण दाबलं. "सरका मॅडम, हंडा लावायचाय."