पाहुण्यांसमोर लागलेली झोप

लेकीला पाहायला ब्रह्मपुरीकडचे पाहुणे आले आणि पोहे बाहेर यायच्या आत मी खुर्चीतच झोपलो. साधी डुलकी नव्हती ती. मान छातीवर, तोंड उघडं, लाळ सदऱ्यावर. मुलाचे वडील मला यंदाच्या धानाचं विचारत होते म्हणे. बायकोने हलवलं तेव्हा मी काहीतरी बरळलो, आणि पाहुण्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

काही दिवसांनी मध्यस्थाचा बायकोला फोन आला. "बाई, पोरगी पसंत हाये. पण भाऊ दिवसाढवळ्या घेऊन बसते काय?"

घेऊन! मी! आलापल्लीच्या लाकूड डेपोत उभी हयात काढली, आजूबाजूला मोहाची दारू वाहत होती, पण थेंब ओठाला लावला नाही. दारूबंदीसाठी गावातल्या बाया फिरल्या तेव्हा त्यांच्यासोबत फिरणारा एकटा बाप्या मीच होतो. माझं डोकं असं सणकलं की हातात बळ असतं तर तो फोनच भिंतीवर फेकला असता. पण पाहुण्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडे ज्याची जीभ जड, पाय लटपटतात आणि जो भरदुपारी बसल्या जागी लुढकतो, तो पिलेलाच असतो. मला ए.एल.एस. आहे, ह्यात स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू मरत जातात, हे कोणाच्या डोक्यात येणार? मला होईस्तोवर मीही हे नाव ऐकलं नव्हतं.

वर घरात इलाजही उलटाच चालू होता. मला रात्री झोप लागत नाही, म्हणून दिवसा झोपू द्यायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. डोळा लागला की बायको खांदा हलवायची. "अवो, उठा ना! आता झोपसान तं रातभर मले उठवसान." शेजारचे भाऊ मुद्दाम येऊन गप्पा मारत बसायचे, कोरा चहा पाजायचे, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून आणायचे. घास गिळताना ठसका लागतो त्या माणसाला खर्रा! प्रेम होतं हो सगळ्यांचं, पण त्या प्रेमाने जीव जायची पाळी आली होती.

त्या फोननंतर लेकीने मला नागपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिलं विचारलं, "सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का?" रोजच ठणकायचं. मग त्यांनी नीट समजावलं. श्वासाचेही स्नायूच असतात, आणि माझे आता कमजोर झालेत. उताणं झोपलं की श्वास पुरत नाही, म्हणून घडीघडी जाग येते, आणि रात्रीची ती झोप मग दिवसा वसूल होते. मला जागं ठेवून काही होणार नव्हतं.

त्यांनी एक मशीन दिली. नाकातोंडावर मास्क, आणि त्यातून ती हवा आत ढकलते. पहिल्यांदा लावली तेव्हा कोणी सायकलचा पंप नाकात घातल्यासारखं वाटलं. मी ओरडून काढायला लावली. लेक माझ्यापेक्षा हट्टी. तिने सकाळी टीव्हीवर बातम्या लावायच्या आणि तेवढा वेळ मास्क लावून बसवायचं. बातम्यांना शिव्या देता देता मला मास्कची सवय लागली, आणि रात्रीही तो लावून झोपू लागलो.

मग सगळा दिवसच बदलला. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा आल्या. आंघोळीतच अर्धं बळ जायचं, ती संध्याकाळवर गेली. दुपारी जेवल्यावर मास्क लावून हक्काची झोप, आणि दारात बायको. "हे झोपले हायेत, सांजच्याले या." थकवा काही गेला नाही, तो आता जाणारही नाही. पण डोकेदुखी गेली, आणि सकाळची वेळ माझी झाली. सकाळी मी पूर्ण जागा असायचो.

लेकीने स्वतःच मध्यस्थाला फोन केला. "आमच्या घरी सकाळी या. बाबा बोलतीन."

पाहुणे आले. मुलाचे वडील माझ्या जवळची खुर्ची ओढून बसले आणि जरा जास्तच पुढे वाकले. मला कळलं. म्हटलं, "घ्या भाऊ, वास घ्या." माझं बोलणं त्यांना उमगेना, तर लेकीने तेच शब्द मोठ्याने सांगितले. बिचाऱ्याचा चेहरा पडला. मला भलताच आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

मग आजाराचं सगळं बोलणं झालं. चहा झाल्यावर त्यांनी हात जोडून विचारलं, "मंग भाऊ, देता काय पोरगी?"

"मले काऊन इचारता? तिले इचारा. मी जागा हाओ, आयकून राह्यलो."

लेक म्हणाली, "मले पसंत हाये. पण बाबाची मशीन मीच लावून देतो. आईले ते जमल्याबिगर मी साक्षगंध करणार नाई."

म्हणजे साखरपुडा बायकोवर अडला. बायको त्या मशीनला हातसुद्धा लावत नव्हती. काही उलटंसुलटं झालं आणि माझा श्वासच बंद पडला तर, ही तिची भीती. पण त्याच संध्याकाळपासून ती शिकायला बसली. पट्टा कधी कानावर, कधी डोळ्यावर. लेक बाजूला उभी राहून फक्त सांगायची.

शेवटी एक दिवस लेक म्हणाली, "आज मी दुसऱ्या खोलीत झोपतो. तूच लाव." बायकोने मास्क लावला. एका बाजूने तो ढिला राहिला. तिथून हवा निसटून थेट माझ्या डाव्या डोळ्यात येत होती. माझे हात उचलत नाहीत. हाक मारली असती तर लेकच धावत आली असती, म्हणून मारली नाही.

सकाळी लेक आली. "बाबा, झोप लागली काय?"

तिच्या मागे बायको चहाचा कप धरून उभी होती, श्वास रोखून माझ्याकडे पाहत. माझा डोळा लाल झाला होता, डोकं ठणकत होतं.

"मस्त लागली," मी म्हटलं. "पाहुण्याइले फोन लाव."